दुखणं जांघेत, पट्टा कमरेला

आमच्या संगमनेर तालुक्यात पहाटेची धार कुणाला चुकत नाही. गाईखाली उकिडवं बसायचं, बादली मांड्यांत धरायची. धार संपवून उठताना उजव्या जांघेत आतून चमक निघायची, कधी खुब्यात ‘कट्’ वाजायचं. जीपमधून उतरताना पाय हातानं उचलून बाहेर ठेवावा लागे. गावातलं निदान ठरलेलं: गादी सरकली. मग कमरेला पट्टा, ट्रॅक्शन आणि गोळ्या.

तरी दुखणं थांबेना. मग फिजिओथेरपीच्या मॅडमनी विचारलं, “काका, नेमकं कुठं दुखतं ते हातानं दाखवा.” अंगठा मागं, बोटं जांघेत, असा मी खुबा कवेत धरला. त्यांनी गुडघा छातीकडं दाबून आत वळवला, तशी कळ डोक्यात गेली. “कंबर नाही, खुबा बघायला हवा.”

खुब्याच्या वाटीच्या काठाला कूर्चेची कडी असते, तिला लॅब्रम म्हणतात. मांडीच्या हाडाचा गोळा ती धरून ठेवते आणि सांध्यातलं वंगण आत कोंडून ठेवते. गोळ्याच्या मानेवर किंवा वाटीच्या काठावर हाड जास्तीचं असेल, तर मांडी पोटाशी येताच कडी चेपते आणि हळूहळू फाटते. बर्नच्या डॉ. रायनहोल्ड गांझ आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे नीट मांडलं. कडीला रक्त जेमतेम मिळतं, म्हणून ती आपोआप सांधणं अवघड.

आधी एक्स-रे काढा, मग एमआरआय. जांघेतलं असंच दुखणं गोळ्याचा रक्तपुरवठा तुटल्यावरही होतं. दारू किंवा स्टेरॉइड घेतली असतील तर ते डॉक्टरांपासून लपवू नका.

एमआरआयच्या कागदावर ‘टिअर’ वाचून मात्र हातपाय गाळू नयेत. २०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासात खुबा मुळीच न दुखणाऱ्या ४५ जणांची तपासणी झाली, त्यांतल्या ६९ टक्के सांध्यांत कडी फाटलेली दिसली. म्हणजे निव्वळ कागद बघून कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल, तर दुसरा डॉक्टर गाठावा.

मला व्यायामानं भागलं: कुल्ल्याचे आणि पोटाचे स्नायू बळकट करणं, तीनेक महिने, न कंटाळता. उकिडवं बसणं बंद, धारेला मशीन, घरात कमोड. (म्हातारीनं नाकं मुरडली, आता तीच आधी जाते.) हाडवैद्याकडून पाय ओढून घेणं तर नकोच.

इतकं करूनही थांबलं नाही, तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया असते. कडी बारीक खिळ्यांनी हाडाला शिवतात. जास्तीचं हाड तासणार का, हे आधीच विचारा. ते राहिलं तर कडी पुन्हा चेपते. नंतर काही आठवडे कुबड्या, आणि कबड्डी-कुस्तीला चार-सहा महिने तरी रजा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ३४८ रुग्णांच्या चाचणीत वर्षभरानं शस्त्रक्रियेचा गट थोडा पुढं होता, पण व्यायामवालेही सुधारले होते. सांधा आधीच झिजला असेल, तर मात्र दुर्बिणीचा फारसा उपयोग होत नाही.