जपानी ग्रीन टी : पान, पाणी आणि प्रकृती

जपानी ग्रीन टीची चव पानाइतकीच पाण्यावर ठरते. एकाच डब्यातली पाने ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मऊ आणि गोडसर लागतात, उकळत्या पाण्यात तीच कडू आणि तुरट होतात. हा फरक जिभेपुरता नाही. पाणी जितके कढत, तितके पानातले कॅफीन कपात अधिक उतरते. त्यामुळे कोणता चहा, किती गरम पाण्यात, किती वेळ आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी, हे प्रश्न जसे रसिकाचे आहेत तसेच प्रकृती सांभाळणाऱ्याचेही आहेत.

काळा चहा आणि ग्रीन टी एकाच झुडपाची, कॅमेलिया सायनेन्सिसची, पाने. तोडलेले पान नुसते ठेवले की त्यातली विकरे कामाला लागतात आणि पान तांबूस-काळे पडते. काळ्या चहाला हेच हवे असते. ग्रीन टीसाठी ही विकरे उष्णता देऊन लगेच निकामी करावी लागतात. चीनमध्ये त्यासाठी बहुधा पाने कढईत परततात. जपानमध्ये वाफ देतात, साधारण ३० ते ४० सेकंद. वाफेमुळे पानाचा रंग गर्द राहतो आणि वास ताज्या पालेभाजीच्या जवळ जातो. वाफवलेली पाने मळत मळत वाळवण्याची आजची पद्धत उजी शहराजवळच्या नागातानी सोएन या शेतकऱ्याने १७३८ मध्ये बसवली, असे मानले जाते. तिच्यातून तयार होणारा सेन्चा हा आज जपानमधला रोजचा चहा आहे. दुपटीहून अधिक वेळ वाफवलेल्या सेन्चाला फुकामुशी म्हणतात. त्याची पाने मोडतात, चुरा जास्त होतो, पाणी गढूळ हिरवे दिसते आणि चव भरीव पण कमी तुरट लागते. दिसायला हलक्या प्रतीचा वाटणारा हा चहा नवख्या माणसाने आधी घ्यावा, कारण हात चुकला तरी तो फारसा बिघडत नाही.

जपानमध्ये चहाची आणि आरोग्याची सांगड जुनी आहे. एइसाई हा बौद्ध भिक्षू ११९१ मध्ये चीनहून परतताना चहाचे बी घेऊन आला आणि १२११ मध्ये त्याने चहाच्या आरोग्यदायी गुणांवर ग्रंथ लिहिला. शोगुन, म्हणजे लष्करी शासक, सानेतोमोला मद्यपानानंतरच्या त्रासावर त्याने चहा आणि हा ग्रंथ दिल्याची नोंद आहे. चहातल्या कॅफीनने त्या शोगुनला तरतरी आली असेल, यात नवल नाही; पण आठशे वर्षांपूर्वीच्या स्तुतीला आजचे प्रिस्क्रिप्शन समजण्याचे कारण नाही.

प्रकारांचा खरा भेद उन्हाचा आणि सावलीचा आहे. चहाच्या मुळांत थिॲनिन नावाचे अमिनो आम्ल तयार होते आणि पानांत चढते. ऊन लागले की पानात त्याचे रूपांतर कॅटेचिनांत होऊ लागते. थिॲनिनची चव गोडसर, मांसाच्या किंवा डाळीच्या सारासारखी भरलेली, कॅटेचिनांची तुरट-कडू. सेन्चाची झुडपे उघड्या उन्हात वाढतात, म्हणून त्यात दोन्ही चवी असतात. ग्योकुरो या चहाच्या मळ्यावर तोडणीआधी सुमारे २० दिवस आच्छादन घालतात. ऊन अडते, थिॲनिन टिकून राहते आणि पानाला समुद्री शेवाळासारखा वास येतो. हा वास डायमेथिल सल्फाइडचा. पहिल्यांदा वास घेणाऱ्याला माल खराब झाला असे वाटू शकते, प्रत्यक्षात ती चांगल्या ग्योकुरोची खूण आहे. फुकुओका प्रांतातला यामे हा भाग ग्योकुरोसाठी नावाजलेला आहे. माचासाठीही पाने सावलीतच वाढवतात, पण वाफवल्यावर ती मळत नाहीत. शिरा आणि देठ काढून जात्यावर दळतात. दगडी जाते तासाभरात जेमतेम ३०-४० ग्रॅम पूड देते. दळण भरभर केले तर पूड तापते आणि वास जातो.

बाकीचे प्रकार स्वस्त, आणि प्रकृतीच्या दृष्टीने पुष्कळदा जास्त सोयीचे. बांचा हा उशिराच्या तोडणीचा, जून पानांचा. कुकिचा देठांचा. गेनमाइचात भाजलेले तांदूळ मिसळलेले असतात, त्यामुळे त्याला लाह्यांसारखा खमंग वास येतो आणि पाने निम्मीच असल्याने कॅफीनही कमी. होजिचा म्हणजे भाजलेली पाने किंवा देठ. रंग तांबूस, कडवटपणा नाममात्र. मराठी घरातल्या भाजक्या वासांवर वाढलेल्या जिभेला हे शेवटचे दोन चहा पहिल्याच घोटात पटतात, ग्योकुरोशी मैत्री व्हायला मात्र वेळ लागतो.

चवीमागचे रसायन जपानी संशोधकांनीच उलगडले. मिचियो त्सुजिमुरा या संशोधिकेने १९२९ मध्ये ग्रीन टीमधून कॅटेचिन वेगळे केले. १९३२ मध्ये कृषिशास्त्रातली डॉक्टरेट मिळवणारी ती जपानमधली पहिली स्त्री ठरली. थिॲनिन १९५० मध्ये क्योतोत ग्योकुरोच्या पानांतून वेगळे करण्यात आले. चहा करणाऱ्याच्या कामाची गोष्ट अशी की थिॲनिन कोमट पाण्यातही सहज उतरते. कॅफीन आणि सर्वांत तुरट असलेले ईजीसीजी हे कॅटेचिन यांना पाणी कढत लागते. बर्फाच्या पाण्यात तर कॅफीन फारच थोडे येते. म्हणजे पाण्याचे तापमान बदलून एकाच पानातून वेगवेगळे पेय काढता येते.

महाराष्ट्रात ग्रीन टी नावडता होण्याचे मुख्य कारण इथेच आहे. घरच्या चहाची पूड आधणात उकळायची असते. तिचा कडकपणा दूध-साखर पेलून नेतो. तीच सवय सेन्चाला लावली, उकळत्या पाण्यात पिशवी टाकून दहा मिनिटे विसरली, की काढ्यासारखे कडू पाणी तयार होते आणि ते ‘औषध म्हणून’ नाक दाबून घेतले जाते. त्याची मुळीच गरज नाही.

दोन कप सेन्चासाठी चार ग्रॅम पाने, म्हणजे दोन लहान चमचे, पुरतात. पाणी एकदा खळखळून उकळावे आणि मग ७० ते ८० अंशांपर्यंत निवू द्यावे. तापमान मोजायला साधन लागतेच असे नाही: उकळते पाणी चिनी मातीच्या गार भांड्यात ओतले की साधारण दहा अंश उतरते, दुसऱ्या भांड्यात ओतले की आणखी तेवढेच. मोजायचेच असेल तर स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्यावा, ताप पाहण्याचा घरातला थर्मामीटर त्यात बुडवू नये. निवलेले पाणी पानांवर ओतून मिनिटभर, फार तर दीड मिनिट थांबावे. फुकामुशीला अर्धे-पाऊण मिनिट पुरते. किटली हलवू नये, चमच्याने ढवळू नये. दोन्ही कपांत थोडे थोडे आळीपाळीने ओतावे म्हणजे दाटपणा सारखा राहतो. शेवटचा थेंबही काढून घ्यावा. तो सर्वांत चवदार असतो. शिवाय पाणी मागे राहिले तर पाने मुरत राहतात आणि पुढचा चहा कडू होतो. त्याच पानांचा दुसरा चहा थोड्या जास्त गरम पाण्यात आणि लगेच गाळून घ्यावा, कारण पाने आता उघडलेली असतात.

ग्योकुरोचे माप अगदी निराळे. दहा ग्रॅम पानांना जेमतेम ६० मिलिलिटर पाणी, तेही ५० ते ६० अंशांचे, आणि दोन-अडीच मिनिटांचा धीर. त्यातून तिघांना एकेक-दोन घोट मिळतात. बांचा, होजिचा आणि गेनमाइचा यांना याउलट उकळते पाणीच हवे. अर्ध्या मिनिटात गाळावे. माचासाठी दीड-दोन ग्रॅम पूड चाळून घ्यावी, ७०-८० मिलिलिटर सुमारे ८० अंशांचे पाणी घालावे आणि बांबूच्या घुसळणीने फेस येईपर्यंत घुसळावे. उन्हाळ्यात सेन्चाचा थंड चहाही उत्तम होतो: लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम पाने घालून फ्रिजमध्ये तीन ते सहा तास. यात पाणी कुठेच उकळत नाही, म्हणून ते आधी उकळून गार केलेले किंवा नीट शुद्ध केलेलेच असावे. चहा त्याच दिवशी संपवावा.

पाण्याचा जडपणाही महत्त्वाचा. जपानमधले पाणी बहुतांशी हलके आहे आणि तिथला चहा त्यावरच पारखला जातो. बोअरवेलच्या जड पाण्यात सेन्चाचा रंग मंद पडतो, वास बसतो. चांगल्या पानांनीही चहा बेचव झाला, तर दोष आधी पाण्यात शोधावा.

चव घेण्याचा सराव हवा असेल, तर एकाच सेन्चाचे तीन कप शेजारी शेजारी करावेत: पाने आणि वेळ सारखी, पाणी ६०, ७५ आणि ९० अंशांचे. आधी कोरड्या पानांचा वास, मग पांढऱ्या कपात रंग, मग घोट. घोट थोड्या हवेसह आवाज करत ओढावा आणि जिभेवर फिरवावा. शिष्टाचार सांभाळायची ही वेळ नव्हे. गोडवा, भरीवपणा, तुरटपणा कोणत्या क्रमाने येतो आणि गिळल्यावर काय उरते, याकडे लक्ष द्यावे. जपानमधले व्यावसायिक पारखी मात्र पांढऱ्या वाडग्यात तीन-एक ग्रॅम पानांवर थेट उकळते पाणी ओततात. त्यांना चहा आवडून घ्यायचा नसतो, त्यातले दोष बाहेर काढायचे असतात.

आता कॅफीन. जपानच्या अन्नघटक तक्त्यानुसार नेहमीच्या पद्धतीने केलेल्या १०० मिलिलिटर सेन्चात सुमारे २० मिलिग्रॅम कॅफीन असते, होजिचात तेवढेच, बांचा आणि गेनमाइचात १०, कॉफीत ६०, ग्योकुरोत तब्बल १६०. ग्योकुरोचा आकडा भीतिदायक वाटतो, पण त्याचा कप २० मिलिलिटरचा असतो. म्हणजे त्यात सुमारे ३२ मिलिग्रॅम. तो चहाच्या मोठ्या मगात पिण्याचा नाही, एवढे ध्यानात ठेवले की झाले. माचात पूर्ण पान पोटात जाते, म्हणून दोन ग्रॅम पुडीतून ६० मिलिग्रॅमच्या वर कॅफीन मिळते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि गर्भवतींसाठी २०० मिलिग्रॅमपर्यंतचे कॅफीन सुरक्षित मानले आहे. या हिशेबात घरचा चहा, कॉफी, कोला सारे धरायचे असते. शरीरातले निम्मे कॅफीन ओसरायला साधारण पाच तास लागतात, गरोदरपणात त्याहून बरेच जास्त. झोपेची तक्रार असलेल्यांनी सेन्चा आणि माचा दुपारपर्यंतच घ्यावा; संध्याकाळी पातळ बांचा किंवा गेनमाइचा बरा. रिकाम्या पोटी मळमळ किंवा जळजळ होणाऱ्यांनी चहा खाण्यानंतर आणि कमी गरम पाण्यात केलेला घ्यावा.

खाण्यानंतर म्हणजे लगेच नव्हे. कॅटेचिने भाजी, डाळ, धान्य यांतल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते शोषले जाऊ देत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्ताल्पता आढळली आहे. शाकाहारी जेवणावर लगोलग ग्रीन टी घेणे अशा घरांत टाळायलाच हवे. जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर असावे. लोहाची गोळी चहाबरोबर कधीच घेऊ नये. थायरॉइडची गोळीही साध्या पाण्याबरोबरच घ्यावी. नॅडोलॉल हे रक्तदाबाचे औषध ग्रीन टीमुळे कमी शोषले जाते. रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी माचाची सवय डॉक्टरांना सांगितल्याशिवाय लावू नये, कारण पानांत के जीवनसत्त्व असते. मायलोमा या कर्करोगासाठी बोर्टेझोमिब हे औषध सुरू असताना ग्रीन टीचा अर्क वर्ज्य. प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत ईजीसीजीने या औषधाचा परिणाम रोखल्याचे दिसले आहे.

फायद्यांबाबत मोजकेच खात्रीने सांगता येते. जपानमधल्या मियागी प्रांतातल्या ४०,५३० प्रौढांच्या पाहणीत, जी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, दिवसाला पाच किंवा अधिक कप पिणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू कमी दिसले. कर्करोगाच्या मृत्यूंत फरक दिसला नाही. ही निरीक्षणे आहेत. जास्त चहा पिणाऱ्यांचे बाकीचे राहणीमानही वेगळे असू शकते, म्हणून सारे श्रेय चहाला देता येत नाही. वजन घटण्याबाबत कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्याने ग्रीन टीचा परिणाम नगण्य ठरवला. साखर घातलेल्या दुधाच्या चहाऐवजी बिनसाखरेचा सेन्चा घेतल्यास साखर वाचते, आणि तेवढा लाभ निश्चित आहे. अतिगरम पेयांबद्दलची सूचनाही महत्त्वाची आहे: ६५ अंशांहून गरम पेये पिणे अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नोंदवले. चांगला केलेला सेन्चा ओठांशी येईपर्यंत या मर्यादेखाली आलेला असतो, होजिचा मात्र थोडा निवू द्यावा.

ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या आणि कॅप्सूल यांची चहाशी बरोबरी करू नये. युरोपीय प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिलेल्या मतानुसार पूरक गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी घेणाऱ्यांत यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात. ‘फॅट बर्नर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांवर हे प्रमाण पाहावे, आणि यकृताचा आजार असल्यास त्या गोळ्या घेऊच नयेत. गोळ्या सुरू असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा भूक मेली, तर त्या ताबडतोब थांबवून यकृताची तपासणी करून घ्यावी.