भट्टी मोडण्याआधी दवाखान्याची वाट ठरवा

आमचा पाडा पेठ तालुक्यातला. भात, नागली, वरई घरात आली की माणसं दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कामाला जातात. मजुरीचा पैसा गावात आला की ओहोळाकाठच्या भट्ट्या पेटायच्या. देवाला मोहाची धार सोडणं ही आमची जुनी रीत. ही दारू ती नव्हे. काळा गूळ नि नवसागर पिंपात सडवायचा, पिंप पाल्याखाली पुरून ठेवायचं आणि गाळलेली दारू प्लास्टिकच्या फुग्यांत भरून विकायची. पिणाऱ्याची मजुरी त्यात जायची, मग बायकोचे डूल, मग शेजाऱ्याच्या कोंबड्या आणि विहिरीवरची मोटर.

बचत गटाच्या आम्ही बायकांनी पोलीस पाटलांना सोबत घेतलं, पोलीस आले, पंचनामा झाला आणि सडवा ओतला गेला. पाडा खुशीत होता. तिसऱ्या दिवशी गटातल्याच एकीच्या नवऱ्याचे हात थरथरू लागले. घामानं सदरा भिजला. अंगावर किडे चढताहेत म्हणून तो नुसता झटकत बसला. बाहेरची बाधा आहे, भगताला बोलवा, असं घरचे म्हणू लागले. आशाताईनं एकच विचारलं, “शेवटची कधी घेतली?” आणि लगेच १०८ ला फोन लावला. डॉक्टरांनी समजावलं, की वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर भास होतात, झटके येतात आणि उपचार न मिळाल्यास जीवही जातो. तो वाचला.

दारूबंदीला निघालेल्या प्रत्येक गावाला म्हणूनच माझं पहिलं सांगणं हे, की आधी आशाताईला घेऊन रोज पिणाऱ्यांची घरं ठाऊक करून घ्या. ही नावं चावडीवर वाचायची नाहीत. घरच्यांना लक्षणं सांगून ठेवा आणि रात्री गाडी कुणाची मिळेल तेही ठरवा.

दुसरं, हाती कागद ठेवा. पेठ तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्यानं इथल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा, निर्बंध आणण्याचा अधिकार दिला आहे. ठराव करा, त्याची प्रत पोलीस ठाण्यात आणि राज्य उत्पादन शुल्क विभागात द्या, शिक्क्याची पोच घ्या. उभी बाटली-आडवी बाटली हे मतदान परवान्याच्या दुकानासाठी असतं. हातभट्टी मुळातच बेकायदा आहे, तिच्यासाठी मतदानाची वाट पाहू नका.

तिसरं, तक्रार एकटीच्या नावानं नको. विकणारा गावातलाच असतो, कधी भाऊबंदही असतो. गटाच्या सह्या असल्या की एकीला धमकावून भागत नाही. भट्टीवर एकट्यानं जाऊ नका, ११२ ला कळवा.

चौथं, पोरांकडे लक्ष ठेवा. नशा आता फुग्यापुरती उरलेली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडी या अमली पदार्थाचा कारखानाच पकडला गेला. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती अल्प्राझोलाम ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवी आणि दुकानदारानं तिची वेगळी नोंद ठेवायला हवी. गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळत असतील तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. कामावरून आलेलं पोर दिवसभर गुंगीत असेल, घरातला पैसा नाहीसा होत असेल, तर मारझोड न करता त्याला बोलतं करा. १४४४६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. पोलिसांच्या भीतीनं दुखणं लपवू नका. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४-अ कलमात स्वतःहून उपचार घेऊ पाहणाऱ्या व्यसनीला ठरावीक अटींवर खटल्यातून सूट मिळण्याची सोय आहे.

व्यसन हा आजार आहे हे धरूनच डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभारलं. आपल्या पाड्यावरही तीच समज रुजायला हवी. नुसती भट्टी मोडली तर पिणारा दुसऱ्या गावची वाट धरतो किंवा घरातच तडफडतो. म्हणून विकणाऱ्यावर गुन्हा आणि पिणाऱ्याला उपचार, ही दोन्ही वाक्यं एकाच ठरावात लिहा, आणि दोन्हींसाठी जबाबदार माणसं त्याच ग्रामसभेत नेमा.