मोबाईलवरील पशुवैद्यकीय सल्ला : त्याची पारख

मळ्यावरचें कुत्रें किंवा घरांतील मांजर आजारी पडलें असतां हल्लीं आपला हात प्रथम मोबाईलकडे जातो. विचारतांच सल्ला मिळतो, फुकट मिळतो आणि बहुधा निःशंक भाषेंत मिळतो. परंतु त्यांतील चूक जनावराच्या, व प्रसंगीं माणसाच्याही जिवावर बेतते. बियाणें घेतांना पिशवीवरील नांव, उगवणशक्ति व मुदत पाहिल्यावांचून आपण पैसे देत नाहीं. सल्ल्यासही अशाच कसोट्या लावाव्या. त्या येणेंप्रमाणें :

(१) सल्ला देणारा कोण? — भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या १९८४ च्या कायद्यान्वयें पशुवैद्यकांची नोंदणी होते. ज्यानें आपलें नांव, पदवी व नोंदणी उघड केली आहे, त्याची चौकशी करतां येते. "आमच्या कुत्र्यास गुण आला" एवढाच ज्याचा आधार, त्याचें जनावर औषधानें बरें झालें कीं आपोआप, हें त्यासही ठाऊक नसतें. सांगणारा तेंच औषध विकत असेल तर अधिकच सावध राहावें.

(२) सल्ला कोणत्या जनावरासाठीं? — माणसाच्या तापावरील पॅरासिटॅमॉल मांजरास विष आहे. तें औषध निरुपद्रवी करून बाहेर टाकण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत फार अल्प असते. त्यामुळें रक्त प्राणवायु वाहून नेईनासें होतें, हिरड्या तपकिरी पडतात व तोंड सुजतें. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे चार किलो वजनाच्या मांजरास दर किलोमागें १२५ मिलिग्रॅम. एवढ्यानें तें मरूं शकतें. तसेंच कुत्र्याच्या गोचिडांवरील परमेथ्रिन मांजराच्या अंगास लावल्यास त्यास कंप सुटतो व झटके येतात. म्हणून "पाळीव प्राण्यांसाठीं" असा मोघम सल्ला त्याज्य समजावा.

(३) जनावर पाहून सांगितलें, कीं केवळ लक्षण ऐकून? — समजा, कुत्र्याची लाळ गळते, जबडा लोंबतो, पाणी गिळवत नाहीं. घशांत हाड अडकलें असेल. शेतांतील कीटकनाशक पोटांत गेलें असेल. किंवा कुत्रें पिसाळलेंही असेल. "हाड अडकलें आहे, काढा" हा सल्ला मानून तोंडांत हात घालणारा मनुष्य, रोग रेबीज असल्यास, आपला जीव धोक्यांत घालतो. या रोगाच्या मुक्या प्रकारांत कुत्रें चावावयास धांवत नाहीं, म्हणूनच फसगत होते. अशा कुत्र्यास हात न लावतां बंद जागीं ठेवावें व पशुवैद्यास बोलवावें.

(४) मर्यादा सांगितली आहे काय? — चांगला सल्ला औषधाची मात्रा वजनावर सांगतो, संभवणारे अपाय सांगतो, आणि अमुक चिन्ह दिसल्यास जनावर दवाखान्यांत न्या, असें बजावतो. "डॉक्टरची गरज नाहीं" असें ठासून सांगणारा सल्ला तेथेंच सोडावा.

कुत्रें चावल्यास जखमेवर मिरची, चुना वा तेल लावावें, असें सांगणारे अजूनही आहेत. वरील एकाही कसोटीस हा उपाय उतरत नाहीं. जखम साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी, आणि विलंब न करतां दवाखान्यांत जाऊन लस टोचून घेण्यास आरंभ करावा. लक्षणें उमटल्यावर हा रोग जवळजवळ नेहमींच प्राणघातक ठरतो. तेव्हां सल्ला बदलून उपयोग नसतो.

याचा अर्थ मोबाईल टाकून द्यावा असा नव्हे. झटके येत असतांनाचें चित्रण, जनावरानें चाटलेल्या औषधाच्या डब्याचें छायाचित्र, आजार कधीं सुरू झाला याची नोंद, हीं पशुवैद्यास फार उपयोगी पडतात. पशुवैद्यकीय सेवेसाठीं १९६२ हा निःशुल्क क्रमांकही आहे. तो लिहून ठेवावा. "ऐकावें जनाचें" हें खरें. पण करावें मात्र जनावर प्रत्यक्ष तपासणाऱ्याचें.