लोखंडी बंपरची ऑर्डर आली तर? हो म्हणण्याआधी वाचा

व्हिडिओत गॅरेजमधला बंपर दाखवला, पण हिशोब आणि कायदा दोन्ही घाईत झाले. कमेंटमध्ये बऱ्याच जणांनी विचारलं, "दादा, हा धंदा आमच्या गावात चालेल का?" म्हणून आज सगळं सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. दुकान टाकून वर्षही झालं नव्हतं. एक बागायतदार आले. हापूसच्या बागेत फिरवायची जुनी जीप, रस्त्यावर येतच नाही. म्हणाले, "भावा, माका पुढचो बंपर लोखंडी करून होयो. मजबूत कर, बाकी तुझ्यावर सोडलंय." मी खूश. जाड पत्रा घेतला, वेल्डिंग केलं, वरून काळी पावडर कोटिंग मारून घेतली. दिसायला एक नंबर. चौदा हजार घेतले.

एक पावसाळा गेला आणि बंपर परत आला. कोटिंगला फोड, खालून तांबूस पाणी, कोपऱ्यात पापुद्रे. दुसऱ्यांदा सगळं खरवडून फुकट करून दिलं. बीबीए करताना कॉस्टिंग शिकलो होतो, पण ते खरं समजलं त्या दिवशी.

पहिला धडा: आधी कायदा, मग वेल्डिंग

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना कळवलं की गाड्यांवरचे क्रॅश गार्ड, बुल बार बेकायदेशीर आहेत, कारवाई करा. कारण साधं आहे. पायी चालणाऱ्या माणसाला धडक बसली तर प्लास्टिकचा बंपर थोडा दबतो, लोखंड दबत नाही. आणि आतल्या माणसालाही धोका: कंपनीने गाडीचा पुढचा भाग ठरावीक पद्धतीने चेपला जावा असा बनवलेला असतो, एअरबॅगचे सेन्सर त्याच हिशोबाने लावलेले असतात. मध्ये कडक लोखंड आलं की सगळं गणित बदलतं.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल मालकाला मनाने करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. वर अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते ती वेगळीच.

मग हा धंदा कोणासाठी? ऑफ-रोड स्पर्धेच्या गाड्या, ज्या ट्रेलरवरून नेल्या जातात. २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंजमुळे गोव्यात असल्या गाड्यांचं वेड वाढलं, आणि गोवा आपल्याला जवळ. दुसरे म्हणजे बागेत, खासगी जागेत वापरायची जुनी वाहनं. रोज कणकवलीला जाणाऱ्या थारवाल्याला मी सरळ सांगतो, "आरटीओत विचारून लेखी काय ते आणा, मग बघू." दहातले आठ परत येत नाहीत. जाऊ देत. गिऱ्हाईक गेलं तर चालेल, पण आपल्या बंपरमुळे कोणाचा पाय मोडायला नको.

दुसरा धडा: निवडताना काय बघायचं

*जाडी आणि वजन.* "जितका जाड तितका चांगला" हे डोक्यातून काढा. लोखंडाची घनता घनमीटरला ७८५० किलो. म्हणजे ३ मिमी पत्रा चौरस फुटाला साधारण २.२ किलो, ५ मिमी पत्रा ३.६५ किलो. बंपरला १२ चौरस फूट पत्रा लागला तर ३ मिमीमध्ये २६ किलो, ५ मिमीमध्ये ४४ किलो. हे १८ किलो जादा वजन पुढच्या चाकांच्याही पुढे लटकतं. स्प्रिंग बसतात, स्टिअरिंग जड होतं, चिखलात नाक आधी रुततं. म्हणून अंगाला ३ मिमी, आणि जिथे खरा जोर येतो त्या माउंटिंगच्या पट्ट्यांना ६ मिमी. पत्रा आयएस २०६२ चा, बिलासह घ्या.

*जोडणी.* बंपर चॅसीच्या मूळ भोकांवरच बोल्टने बसला पाहिजे. थार, जिम्नी, गुरखा या शिडीसारख्या चॅसीच्या गाड्या, त्यांना हे जमतं. चॅसीवर थेट वेल्डिंग करायचं नाही. माप घ्यायला गाडीवर टाके मारायचेच असतील तर आधी बॅटरीच्या वायरी काढा. बोल्ट ८.८ ग्रेडचे, डोक्यावर तो आकडा छापलेला असतो, बघून घ्या.

*ओढायचा हूक.* सगळ्यात धोक्याची जागा हीच. चिखलातून गाडी ओढताना नुसत्या पत्र्यावर डकवलेला हूक उपटला तर गोळीसारखा उडतो. हूकची प्लेट मागच्या माउंटिंगपर्यंत सलग गेली पाहिजे, म्हणजे ओढ थेट चॅसीवर येते. हे जमत नसेल तर हूक लावूच नका.

*आकार.* रेडिएटरची हवा अडू नये, नंबर प्लेट आणि दिवे झाकू नयेत, आणि दोन्ही कोपरे वर उचललेले असावेत, नाहीतर चढाला चाकाआधी बंपरच टेकतो.

तिसरा धडा: फिनिशिंग, म्हणजे खरा नफा

आपल्या मिठबावला गजबादेवीच्या देवळाकडून वारा सुटला की ओठांवर मीठ लागतं. तेच मीठ लोखंडावर बसतं, हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि दिवसरात्र खात राहतं. पुण्यात पाच वर्षं टिकणारा रंग इथे दोन पावसाळे काढेल याची खात्री नाही. म्हणून क्रम पाळा:

१. सगळ्या कडा ग्राइंडरने गोल करा. धारदार कडेवर रंग पातळ बसतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

२. जिथे पाणी शिरेल तिथे तुटक टाके नकोत, सलग वेल्डिंग करा. सर्वात खालच्या जागी ८ ते १० मिमीची भोकं ठेवा, पाणी निघून गेलं पाहिजे.

३. नव्या पत्र्यावरची निळसर-काळी पपडी पूर्ण काढा. माझ्या पहिल्या बंपरची चूक हीच. रंग त्या पपडीला चिकटला आणि पपडी लोखंडापासून सुटली. ब्लास्टिंग करून पत्रा एकसारखा करडा दिसला पाहिजे. कामाच्या भाषेत याला एसए अडीच म्हणतात. साध्या वाळूने ब्लास्टिंग करू नका, त्या धुळीने सिलिकोसिस होतो. ग्रिट किंवा गार्नेट वापरणाऱ्याकडे द्या.

४. ब्लास्टिंगनंतर काही तासांतच, त्याच दिवशी, प्राइमर. रात्रभर ठेवलात तर सकाळी तांबूस झाक आलीच समजा. उघड्या हाताने स्पर्श नको, घामातही मीठ असतं.

५. झिंकवाला इपॉक्सी प्राइमर, त्यावर इपॉक्सीचा थर, शेवटी पॉलियुरेथेन. नुसता इपॉक्सी उन्हात खडूसारखा पांढरट होतो. पावडर कोटिंग हवं असेल तर झिंक प्राइमरवर, आणि पावडर पॉलिएस्टरची.

गॅल्व्हनायझिंग याहून टिकाऊ, पण वस्तू साधारण ४५० अंश तापलेल्या जस्तात बुडवतात. बंद पाइपला हवेची भोकं नसतील तर आतल्या वाफेने स्फोट होऊ शकतो. तिथे पाठवायचं असेल तर भोकं डिझाइनमध्येच धरा.

चौथा धडा: भाव किलोवर सांगू नका

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या बाजारात तपासून घाला.

- माल, तुकड्यांसह ४० किलो × ८० = ३,२००
- रॉड, डिस्क, बोल्ट = १,५००
- दोन माणसं, तीन दिवस, ९०० रोज = ५,४००
- ब्लास्टिंग आणि रंग = ४,०००
- कुडाळपर्यंत नेणं-आणणं = १,५००
- वीज, भाडं, मशीनची झीज = १,२००

बेरीज १६,८००. दुरुस्तीची राखीव ५ टक्के, म्हणजे ८४०. झाले १७,६४०. त्यावर २५ टक्के नफा ४,४१०. भाव २२,०५०.

आता माझे चौदा हजार आठवा. मी फक्त लोखंड आणि मजुरी धरली होती. ब्लास्टिंग वगळलं म्हणून स्वस्त दिसलं, आणि तेच वगळलेले पैसे दुप्पट होऊन परत आले.

गिऱ्हाईक "एवढे?" म्हणालं तर भाव पाडू नका. ब्लास्टिंग केलेला आणि न केलेला असे दोन तुकडे बाहेर उन्हापावसात ठेवा. एका पावसाळ्यात तुमचा सेल्समन तयार. माझ्या दुकानाच्या दारात ते दोन तुकडे टांगलेत, मला बोलावंच लागत नाही.

शेवटचं, पण महत्त्वाचं

नुसत्या बंपरवर आपल्या भागात दुकान चालणार नाही. वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी ऑर्डर येईल. पण खाऱ्या हवेत टिकणारं लोखंड करून देणारा माणूस सगळ्यांना हवाय: होम-स्टेचं गेट, जिन्याचं रेलिंग, बोटीची ट्रॉली, पाण्याच्या टाकीचा स्टँड. मी बंपरवर शिकलो आणि आज कमाई गेटवर करतो.

गृहपाठ: तुमच्या गावातली पाच लोखंडी गेटं बघा. गंज कुठून सुरू झालाय ते लिहा: कड, जोड, की तळ? उत्तरं कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.

भेटूया, कामाला लागा!