दिवेआगर ते गुहागर, सायकलवर

प्रश्न : पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोकणात उतरून दिवेआगर ते गुहागर किनाऱ्याने सायकल चालवायची आहे. माझी रोडबाइक आहे, टायर २५ मिमीचे. डिसेंबरमध्ये जमेल का?

उत्तर : महिना उत्तम निवडलात. टायर मात्र बदला. फ्रेममध्ये मावत असतील तर ३२ चे, नाहीतर निदान २८ चे घाला. गावागावांतले रस्ते मध्येच उखडलेले असतात.

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट, हा गैरसमज आधी काढून टाका. आरावी ते शेखाडी समुद्राला खेटून जाणारा टापू खरोखर सपाट आहे आणि तिथे घाई करणं हा करंटेपणा. पण बाणकोट ओलांडलं की वेळास, केळशी, आंजर्ले असं प्रत्येक गाव खाली खाडीकाठी आणि मध्ये जांभ्याचा सडा. चढ लहान, पण छातीवर येणारे. मागे ३४ दात्यांची कॅसेट नसेल तर बसवून घ्या.

सावित्रीची खाडी बागमांडला-वेसवी फेरीने ओलांडा, वाशिष्ठीची दाभोळ-धोपावे फेरीने. दोन्हींवर सायकल नेता येते. दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवा. दुपारी वायव्येकडून येणारा समुद्रवारा बऱ्यापैकी पाठीशी राहतो.

ताम्हिणीच्या उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते. वळणाआधी दाबा, सोडा. आणि घाट रविवारी टाळा; मोटारी फार.