स्वतःसाठी बनवलेलं ॲप सगळ्यांसाठी खुलं करायचं का? आधी हे पाच प्रश्न सोडवा



व्हिडिओत हा विषय थोडक्यात झाला. इथे हिशोबासकट बघू. वही-पेन घेऊन बसा.

आजकाल कोडिंग न शिकताही ॲप बनतं. गुगल शीट आणि ॲपशीट वापरून मी माझ्या स्टेशनरीच्या दुकानासाठी एक छोटं ॲप बनवलं. त्यात धंद्याच्या कल्पना लिहून ठेवतो. रकाने पाचच: कल्पना काय, कधी सुचली, अंदाजे खर्च किती, करून बघितली का, निकाल काय. "जूनच्या आधी वर्गानुसार वह्यांचे तयार सेट बांधून ठेवायचे" ही कल्पना त्यातूनच आली आणि आता दरवर्षी चालते.

बऱ्याच जणांकडे असं काहीतरी असतं. मग कोणीतरी म्हणतं, "अरे, हे भारी आहे, प्ले स्टोअरवर टाक की!" आणि डोक्यात चक्र सुरू होतं. थांबा. स्वतःची गरज भागवणारी वस्तू आणि विकायची वस्तू, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरचं लोणचं पाहुण्यांना आवडलं म्हणून लगेच कारखाना काढत नाही ना आपण?

प्रश्न १: ॲप तुम्ही स्वतः रोज वापरता का?

स्लॅक हे उदाहरण घ्या. टायनी स्पेक नावाची कंपनी ग्लिच हा गेम बनवत होती. गेम चालला नाही, २०१२ मध्ये बंद झाला. पण टीमने आपापसात बोलायला एक साधन बनवलं होतं, आणि त्याशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं. ते त्यांनी आधी ओळखीच्या कंपन्यांना वापरायला दिलं, चुका सुधारल्या, आणि २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. बेसकॅम्पचंही तसंच. वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीने स्वतःची कामं सांभाळायला ते बनवलं आणि २००४ मध्ये बाजारात आणलं.

क्रम लक्षात घ्या: आधी स्वतःचा रोजचा वापर, मग ओळखीचे लोक, मग बाजार. तुमच्याच ॲपमध्ये शेवटची नोंद दोन महिन्यांपूर्वीची असेल, तर उत्तर तिथेच मिळालं.

प्रश्न २: तुमची खरी स्पर्धा कोणाशी आहे?

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या ॲपशी. नाही! तुमची स्पर्धा गल्ल्याशेजारच्या डायरीशी आहे. गुगल कीप फुकट आहे. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो. लोक हे सोडून तुमच्याकडे का येतील, ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. "दिसायला छान आहे" हे कारण चालणार नाही. "कल्पना नुसती लिहून घेत नाही, तीस दिवसांनी विचारतं, काय झालं तिचं?" हे कारण होऊ शकतं.

प्रश्न ३: खर्च किती, आणि वेळ किती?

गुगल प्ले स्टोअरवर डेव्हलपर अकाउंटची फी एकदाच, २५ डॉलर. म्हणजे दोन हजार रुपयांच्या आसपास. ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. लोक इथेच खूश होतात, "एवढंच?" पण फी हा खर्चातला सगळ्यात छोटा भाग आहे.

समजा, महिना ९९ रुपये घेतले. प्ले स्टोअरवर सबस्क्रिप्शनमधून १५ टक्के कापले जातात. हातात राहिले साधारण ८४. ५० ग्राहक मिळाले तर महिन्याला ४,२०० रुपये, त्यातूनही कर आणि सर्व्हरचा खर्च वेगळा. आता दुसरी बाजू. "सर, पासवर्ड विसरलो", "फोन बदलला, नोंदी गेल्या" अशा तक्रारींना रोज फक्त एक तास दिला तरी महिन्याचे ३० तास झाले. ४,२०० भागिले ३० म्हणजे तासाला १४० रुपये. तोच एक तास तुम्ही दुकानात गिऱ्हाईक बघितलं, माल लावला, उधारी वसूल केली, तर किती मिळतात? हा आकडा ज्याचा त्याने काढायचा. पण काढायचाच.

प्रश्न ४: दुसऱ्याचा डेटा सांभाळायची तयारी आहे का?

हा प्रश्न लोक सोडून देतात. तुमच्या ॲपमध्ये फक्त तुमच्या कल्पना होत्या, तोवर जबाबदारी तुमच्यापुरती होती. दुसऱ्या दुकानदाराने त्याची पुढच्या दिवाळीची योजना त्यात लिहिली, की ते त्याचं व्यापारी गुपित झालं, आणि ते तुमच्याकडे आहे.

आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. माहिती कशासाठी घेता ते सांगणं, संमती घेणं, माहिती सुरक्षित ठेवणं, हे त्यात येतं. सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. घाबरवण्यासाठी सांगत नाही, पण "छोटं ॲप आहे, कोण विचारतंय" ही वृत्ती नको. प्ले स्टोअरलाही प्रायव्हसी पॉलिसी लागते. आणि पैसे घेणारं ॲप असेल तर तुमचा पत्ता तिथे लोकांना दिसतो. घरून काम करणाऱ्या ताईंनी हे आधीच लक्षात घ्या.

प्रश्न ५: तुमच्याकडे बारा माणसं आहेत का?

नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक अकाउंटला गुगलची अट आहे: ॲप खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहायला हवं. बरेच जण या अटीवर चिडतात. मला विचाराल तर ही फुकटातली बाजारपाहणी आहे. घरचे आणि मित्र धरून नव्हे, ज्यांना खरंच गरज आहे असे १२ जण जमत नसतील, तर बाराशे कुठून येणार?

मग मी काय ठरवलं?

ॲपशीटमध्ये दहा जणांपर्यंत चाचणीसाठी फुकट देता येतं. मी नऊ दुकानदारांना दिलं आणि महिनाभर एकदाही आठवण केली नाही. महिन्याअखेर तिघेच नोंदी करत होते. बाकीच्यांचं म्हणणं एकच: "काउंटरवर गर्दी असताना टाइप कोण करणार?" त्या तिघांना ॲपपेक्षा पाच रकान्यांची पद्धत आवडली होती. म्हणून ॲप बाजारात आणायचं नाही असं ठरवलं. रिकामी शीट मी प्रशिक्षणात सगळ्यांना फुकट देतो. त्यात ना तक्रारी, ना दुसऱ्याचा डेटा माझ्याकडे. शिकायला येणाऱ्यांचा विश्वास वाढतो, तो माझ्या धंद्याला जास्त उपयोगी आहे.

तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं. नऊपैकी सात जण वापरत राहिले आणि आठव्याने "पैसे किती?" विचारलं, तर बिनधास्त पुढे जा.

या आठवड्याचा गृहपाठ: पाचही प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. तुमच्या एका तासाची किंमत काढा. मग दहाच्या आत माणसांना ॲप द्या आणि तीस दिवस गप्प बसा. ते स्वतःहून वापरतात का, एवढंच बघायचं.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत धंदा नीट करा, हिशोब चोख ठेवा!