दुसऱ्या बाळाआधी एवढं कर

अगं, परवा फोनवर दुसऱ्या बाळाचं म्हणालीस तेव्हा घरात सगळे होते, म्हणून मी जास्त बोलले नाही. आता निवांत विचारते: तुला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का गं? आईला विचार. तिलाही नीट आठवत नसेल, तर रक्ताची एक तपासणी असते, त्यात कळतं. आल्या नसतील, तर दिवस राहायच्या आधी लस घे. आधीच, बरं का.

ही लस जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. मिचिआकी ताकाहाशी नावाच्या जपानी डॉक्टरांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्यांनी फार छळलं, तेव्हा त्यांनी हे काम मनावर घेतलं आणि १९७४ पर्यंत लस तयार केली. पण विषाणू जिवंत, म्हणून गरोदरपणी ती देत नाहीत. मोठ्या माणसाला दोन डोस लागतात, मध्ये किमान चार आठवडे, आणि दुसऱ्यानंतर आणखी एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत. म्हणजे दोन महिने तरी हाताशी हवेत. आणि मध्येच दिवस राहिलेच, तर कुणाच्या सांगण्यावरून गर्भ पाडायला निघू नकोस! त्याची गरज नसते. डॉक्टरांना सांग, बस.

एवढं मागे का लागते? लहानग्यांच्या कांजिण्या बहुधा आठवड्याभरात ओसरतात, पण मोठ्यांना त्या जड जातात, गरोदर बाईला तर न्यूमोनियाची भीती असते. पहिल्या वीस आठवड्यांत आल्या तर क्वचित बाळाच्या हातापायांत, डोळ्यांत दोष राहतो. अगदी बाळंतपणाच्या तोंडावर आल्या तर नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

आणि तुझा मुलगा पाळणाघरात जातो. अंगावर फोड यायच्या दोन दिवस आधीपासूनच हा आजार पसरतो, त्यामुळे 'पुरळवाल्या मुलापासून लांब ठेवू' म्हणून भागत नाही. त्यालाही लस दे: पहिला डोस पंधराव्या महिन्यानंतर, दुसरा किमान तीन महिन्यांनी. सरकारी लसीकरणात ही मिळत नाही, बालरोगतज्ज्ञांकडे पैसे भरूनच घ्यावी लागते, हे मलाही खुपतं. तू गरोदर असलीस तरी त्याला देता येते, त्यासाठी अडून राहू नकोस. दंड दुखेल, थोडा ताप येईल, एखाद्याला चार फोड उठतील. लसीनंतर सहा आठवडे त्याला ॲस्पिरिन मात्र द्यायची नाही. दोन डोस घेऊनही कुणाकुणाला कांजिण्या येतात, पण हलक्या.

तू स्टेरॉइडच्या गोळ्या घेत असलीस किंवा पूर्वी जिलेटिनची, निओमायसिनची मोठी ॲलर्जी झाली असेल, तर इंजेक्शनआधी डॉक्टरांना सांग.

आणि लस घ्यायच्या आधीच दिवस राहिले नि कुणा कांजिण्यावाल्याजवळ बसणं झालं, तर पुरळाची वाट बघू नकोस. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. वेळेत कळलं तर गरोदर बाईला देण्यासारखं वेगळं इंजेक्शन असतं. सासूबाई कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ घालू म्हणाल्या तर घालू देत, पण फोन आधी.